नाव इकडेच येऊन राहिली

मागच्या महिन्यात, या वयात, मला कळलं की आमचे काका खोटं बोलले होते. ऐकून कोणीही हसेल. माणसं खोटं बोलतात, त्यात एवढं काय? पण त्या काळात भिलाईत आमच्या सेक्टरमध्ये, म्हणजे पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा. कारखान्याची चिमणी रातोरात चालत दुर्गला गेली असं सांगितलं तर ते एकवेळ मानतील, पण काका खोटं बोलले हे मानायचे नाहीत. मीही मानत नव्हते. कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि अजूनही मधेच आठवलं की हातातलं काम तसंच राहतं.

काका नात्यातले नव्हेत. रशियाच्या मदतीने कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. नागपूरकडचे, स्टोअरमध्ये क्लार्क. आम्ही भंडाऱ्याकडचे, शेतीतून उठून आलेले. माझे बाबा रिगर होते, म्हणजे दोरखंड आणि कप्प्या लावून अवजड लोखंड वर चढवणाऱ्या टोळीत. सगळीकडे लाल मुरूम, अर्धवट बांधलेल्या भिंती, ट्रकांची धूळ. वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी विटकरी होऊन घरात यायचा.

तर झालं असं, की माझी नात पुण्याहून सुट्टीला आली होती. तिला मी आमच्या लहानपणचा एक रशियन पिक्चर सांगत होते. चित्रांचा पिक्चर, आता ज्याला कार्टून म्हणतात तसा. गोठलेल्या नदीकाठचं गाव असतं, तिथल्या नावाड्याला बर्फाखालचा राजा नावेसकट ओढून नेतो, आणि त्याची मुलगी एका लंगड्या बदकाला घेऊन बापाला शोधायला निघते. सांगता सांगता मी बदकाची चाल करून दाखवली. नात हसली आणि मोबाइलवर काहीतरी खटखट करून तिने तो पिक्चरच माझ्यापुढे धरला. मी थक्क. तोच निळा बर्फ, तोच दाढीत बर्फाचे सुळे लोंबणारा राजा. इतक्या वर्षांनंतर मला काकांनी तेव्हा हिंदीत सांगितलेलं प्रत्येक वाक्य पाठ होतं, आणि चित्रातली माणसं तोंड उघडायच्या आधी मी ते बोलत होते. नात खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचून मान डोलवत होती. शेवट आला. धुक्यातल्या नदीवर नाव, नावेत कंदील, काठावर हात उंचावलेली मुलगी. मी म्हटलं, आले बघ तिचे बाबा.

नात म्हणाली, "आजी, वो तो बाय बोल रही है. उसके पापा नहीं आते."

मी तिला म्हटलं, नीट वाच. तिने नीट वाचलं. राजा मुलीला सांगतो, की जो बर्फाखाली गेला तो परत येत नाही. फक्त एकदा, दुरून, तुला त्याचा निरोप घेता येईल. मी म्हटलं ही कॉपी चुकीची आहे, दुसरी शोध. तिने दुसरी शोधली. त्यातही राजा तेच म्हणाला. मग मी लहानपणच्या दोन मैत्रिणींना फोन केला. दोघींनी मला ठणकावून सांगितलं की हा कोणीतरी नंतर बदललेला पिक्चर आहे, खऱ्या पिक्चरमध्ये बाप परत येतो, काकांनी स्वतः सांगितलं होतं. एकीने तर विचारलं, बाई गं, तू काय मोबाइलवर विश्वास ठेवतेस आणि काकांवर नाही?

काकांवर विश्वास का होता, ते सांगायला हवं.

काका उंच, काटकुळे, आणि डोक्यावर केसाळ रशियन टोपी. थंडीतली नव्हे, बारमाही. मे महिन्यात भिलाईची हवा अशी, की नळाला हात लावला तर चटका बसावा. त्या उन्हात हा माणूस ती टोपी घालून सायकल मारत ड्यूटीला जायचा, आणि नवीन आलेली माणसं रस्त्यात उभी राहून बघायची. ती टोपी त्यांना एका रशियन इंजिनियरने मायदेशी परत जाताना दिली होती. काका भावनेच्या भरात त्याला म्हणून बसले, की रोज घालीन. झालं. बोललो म्हणजे बोललो. घाम कानामागून ओघळत असायचा. आईने एकदा सुचवलं की तो रशियन काही बघायला येत नाही, उन्हाळ्यात काढून ठेवा. काका म्हणाले, त्याले दिसत नाही, पण मले तर दिसते ना.

त्या इंजिनियरशी त्यांची दोस्ती जमली तीही खरेपणातून. तो मोडकंतोडकं हिंदी बोलायचा आणि सगळे त्याला 'बहुत अच्छा, साहब' म्हणायचे. काकांनी तोंडावर सांगितलं, की साहेब, तुमचं हिंदी कोणालेच समजत नाही. इंजिनियर आधी लालबुंद झाला, मग त्याने काकांना मिठी मारली आणि दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायचं ठरलं. त्याचं हिंदी फारसं सुधारलं नाही. काकांना मात्र रशियन बऱ्यापैकी येऊ लागलं.

बाकीच्यांना मिठी मारण्याइतकं मोठं मन नव्हतं. आमच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा आईने सगळ्यांना विचारत विचारत काकांनाही विचारलं, शिरा कसा झाला भाऊजी? शिरा म्हणजे प्रसाद, त्याला कोणी नावं ठेवतं का? काका म्हणाले, "तूप कमी हाय अन् रवा कच्चा हाय, वहिनी." आई स्वयंपाकघरात गेली ती आरती संपेपर्यंत बाहेर आली नाही. शेजारच्या बाईचं बाळ बघायला गेले, तर डोकं फार मोठं आहे म्हणून सांगून आले. त्यांच्या खात्यातले एक साहेब निवृत्त झाले तेव्हा भाषणं चालली होती, साहेब म्हणजे देवमाणूस, साहेब म्हणजे वडाचं झाड. काकांना कोणीतरी दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, साहेबांनी फार काम केलं नाही, पण कोणाला त्रासही दिला नाही. आणि बसले. बाबा हे घरी येऊन सांगत तेव्हा हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. लोक आपल्या आज्यांना पुन्हा पुन्हा मारून रजा घेत, तेव्हा काकांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं: कंटाळा आला.

लग्नही त्यातच राहिलं. मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, आणि मुलीच्या बापाला म्हणाले, मी घोरतो, मला राग लवकर येतो, आणि तुमच्या मुलीला मी आवडलो नाही हे तिच्या तोंडावर दिसून राहिलं, तर उगाच कायले पुढं जायचं? मुलीच्या बापाने काय केलं ते काका सांगत नसत. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा कुठे पोहे खाल्ले नाहीत.

कोणी म्हणालं, काका, कधीतरी थोडं गोड बोलावं, तर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "खोटं बोलनाऱ्याले सारं ध्यानात ठेवा लागते. आपल्याले तेवढी अक्कल नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की ते सायकलवरून उतरले की आम्ही मुलंच त्यांच्याआधी म्हणून टाकायचो.

आता पिक्चरबद्दल. रशियन लोकांचा आपला क्लब होता आणि तिथे त्यांचे पिक्चर येत. काका त्यांच्याकडून मशीन आणि रिळं मागून आणायचे आणि शनिवारी दिवेलागणीनंतर आमच्या क्वार्टरांमधल्या मोकळ्या मैदानात दोन बांबूंना चादर बांधून दाखवायचे. सगळा सेक्टर सतरंज्या घेऊन यायचा. छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, आम्ही मराठी, शिवाय खुर्सीपारच्या झोपड्यांतून आलेले मजूर. पडद्यासमोर जागा संपली की लोक पडद्यामागे बसत आणि उलटा पिक्चर बघत. भाषा कोणालाच कळत नव्हती, म्हणून काका मशीनशेजारी उभे राहून पत्र्याच्या कर्ण्यातून हिंदीत सांगायचे. आवाज सपाट, स्टेशनावर गाडी लेट आहे हे सांगावं तसा. राक्षस असो की राजकन्या, काकांच्या तोंडी दोघं एकाच सुरात बोलत. आणि एखादा शब्द अडला, की ऐन रंगात आलेल्या प्रसंगी कर्ण्यातून यायचं, "अब वो कुछ बोला, मेरे को समझा नहीं." बंगाली बाबू कपाळाला हात लावायचे. त्यांचं म्हणणं, अंदाजाने काहीतरी सांगून टाका ना. काका म्हणायचे, अंदाजाने सांगितलं तर ते माझं झालं, त्याचं कुठं राहिलं?

म्हणून तर त्यांनी जे सांगितलं ते आम्ही दगडावरची रेघ मानत असू.

बदकाचा पिक्चर पहिल्यांदा आला तो उन्हाळ्यात. आम्ही लोखंडाची आणि मुरमाची मुलं. इतका निळा रंग आम्ही पाहिलाच नव्हता. पडद्यावर बर्फ पडायला लागला तशी घामाने निथळणारी पोरं एकमेकांना चिकटून बसली, आणि त्या सबंध मैदानात काकांची टोपीच काय ती योग्य वाटू लागली. मुलगी बर्फाखाली उतरली, राजापुढे उभी राहिली आणि म्हणाली, माझे बाबा परत द्या. राजाने तोंड उघडलं. एवढ्यात आंधी आली. धुळीचा लोट मैदानावरून फिरला, बांबू आडवा झाला आणि चादर उभी फाटली. लोक सतरंज्या सांभाळत पळाले.

पुढचा सगळा आठवडा सेक्टरमध्ये एकच प्रश्न. बाप परत येतो की नाही? काकांनी आधी क्लबमध्ये पिक्चर पाहिलेला होता, म्हणून आम्ही त्यांच्या सायकलमागे धावायचो. दुसरा कोणी असता तर माहीत नाही म्हणून सुटला असता. काका म्हणायचे, माहीत हाय, पण सांगनार नाही.

त्याच आठवड्यात बाबांना अपघात झाला. दुर्गच्या बाजारातून सायकलवर परत येत होते. समोरून येणाऱ्या गाडीचे बैल बुजले, त्यांना वाट देताना बाबा रस्त्याकडेच्या मुरमाच्या खाणीत कोसळले आणि डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती, तिसऱ्या दिवशीही नव्हती. आई दवाखान्यातच राहिली आणि मला शेजारणींनी वाटून घेतलं, एकीकडे जेवण, एकीकडे झोपणं. प्रत्येक जण मला सांगायचा, बाबा बरे होऊन येणार. पण सांगताना प्रत्येक जण माझ्याकडे सोडून दुसरीकडे बघायचा. मी लहान होते, पण एवढं मला कळत होतं. मोठी माणसं अशा वेळी लहान मुलांशी खोटं बोलतात, आणि खोटं न बोलणारा एकच माणूस आपल्याला माहीत आहे.

मी समोर गेले. काका अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. मी विचारलं, "काका, माझे बाबा घरी येतील का?"

त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. फडक्याने हात पुसत बसले. काकांना उत्तर द्यायला वेळ लागलेला मी कधी पाहिलाच नव्हता. मग मी लहान मुलं करतात तसा सौदा केला. म्हटलं, "त्या पिक्चरमधल्या मुलीचे बाबा येतात का? ते आले तर माझे पण येतील."

काका माझ्याकडे बघत राहिले. दुसरीकडे नाही, माझ्याकडेच. म्हणाले, "शनिवारी पिक्चर पाहाले ये."

आदल्याच दिवशी दवाखान्यात काय झालं होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही दात आवळून. काका दवाखान्यात आले, बाबांच्या खाटेशी उभे राहिले, डॉक्टरांना भेटून आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, डाक्टर म्हनते आशा कमी हाय. मनाची तयारी ठेवा." बाकी सगळे धीर देत होते आणि हा माणूस हे बोलून निघून गेला. आई हादरली ती हादरलीच. तिच्या मनातली ती अढी जन्मभर पूर्ण गेली नाही. तिने एकदा त्यांना तोंडावर सुनावलंही, तर म्हणाले, डाक्टर जे म्हने तेच सांगतलं, तुमाले फसवलं असतं तर बरं झालं असतं का?

शनिवारी चादर शिवून पुन्हा बांधली होती. मधोमध टाके दिसत होते. मी सगळ्यांत पुढे बसले. मला आठवतं, शेजारणींनी मला आणायचं की नाही यावर आपसांत कुजबूज केली होती, पण मी हट्ट धरला. त्या गर्दीतल्या बाकी सगळ्यांसाठी तो पिक्चर होता. माझ्यासाठी तो निकाल होता.

मुलगी राजापुढे उभी राहिली. माझे बाबा परत द्या. राजा बोलू लागला. पुष्कळ बोलला, सावकाश, दाढी हलवत. कर्णा गप्प. मग सपाट आवाज आला, "राजा कुछ बोल रहा है. मेरे को समझा नहीं."

लोक वैतागून कुरकुरले. नदीवर धुकं आलं, धुक्यात नाव दिसली, नावेत कंदील आणि कंदिलाशेजारी उभा माणूस. मुलगी काठावर धावत आली आणि तिने हात वर केला. अजून कर्णा गप्प होता. मी मागे वळून बघितलं. मशीनच्या उजेडात ती केसाळ टोपी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. आणि मग काका बोलले, हिंदीत नाही, मराठीत.

"बाबा येऊन राहिले. नाव इकडेच येऊन राहिली."

तेलुगू आणि पंजाबी मंडळींना ते काय कळणार? त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा काकांनी तेच हिंदीत सांगितलं, की बाप वापस आ रहा है. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी पोरगा ओरडला, की नाव तो छोटी हो रही है. कर्ण्यातून लगेच उत्तर आलं, "कोहरा है. कोहरे में ऐसाच दिखता है."

नाव लहान होत होती. मलाही दिसत होतं. मी पुढे बसले होते, मला तर सगळ्यांत चांगलं दिसत होतं. कंदील बोराएवढा झाला, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, मग पडदा पांढरा झाला. पण माझे डोळे चुकू शकत होते, काका चुकू शकत नव्हते. क्लबातली एक रशियन बाई त्या दिवशी आली होती, ती रुमालाने डोळे पुसत होती. आनंदाने रडते आहे असं मला वाटलं. घरी येऊन मी शेजारणीकडे दोन भाकरी खाल्ल्या. अपघातानंतर मी धड जेवले ती तेव्हाच.

पुढच्या आठवड्यात बाबांनी डोळे उघडले. डॉक्टरांना धक्का, आईला धक्का, बाबांच्या टोळीतली माणसं तर त्यांना हात लावून बघत. नवल वाटलं नाही ते एकट्या मला. मला आधीच माहीत होतं. पावसाळा सरता सरता बाबा घरी आले ते एक पाय ओढत, आणि पोरं म्हणायला लागली की हिचे बाबा त्या बदकासारखे चालतात. बाबांनाच त्याची जास्त मजा वाटायची. पोरं दिसली की ते मुद्दाम मान पुढे काढून चालत.

तो पिक्चर मग दर उन्हाळ्यात येत राहिला. मुलंच मागायची, आणि मोठी होऊन धाकट्यांना मांडीवर घेऊन तीच मुलं पुन्हा बघायची. दुसरे किती पिक्चर आले आणि गेले, त्यांची नावंही कोणाला आठवत नाहीत. लोक म्हणतात त्यातली चित्रं सुंदर होती. होतीच. पण मला वाटतं, घरदार सोडून भिलाईला आलेल्या त्या सगळ्या माणसांना शेवटी कोणीतरी परत येतं हे दर वर्षी एकदा ऐकायचं असायचं. दर वर्षी राजा बोलायला लागला की काकांना समजायचं नाही, आणि दर वर्षी ते वाक्य आधी मराठीत यायचं. इतक्या वर्षांत राजाचं बोलणं तुम्हाला अजून कसं समजलं नाही, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

मात्र खोटं ध्यानात ठेवण्याचं त्यांचं ते वाक्य बंद झालं होतं. आम्ही पोरं त्यांना चिडवायला ते म्हणायचो, तर ते नुसतेच सायकल ढकलत पुढे जायचे. आई एकदा कशावरून तरी म्हणाली, भाऊजी, तुमाले तर खोटं जमतच नाही. काका म्हणाले, जमा लागलं तर जमते, वहिनी. आई हसली. तिला वाटलं, चला, या माणसाला शेवटी थट्टा करता यायला लागली.

आणि त्यांना एक नवीनच वेड लागलं. बाबा घरी आल्यापासून रोज सकाळी ड्यूटीला जाताना ते आमच्या फाटकाशी सायकल थांबवायचे, एक पाय जमिनीवर टेकवायचे आणि विचारायचे, "हाय का?"

बाबा आतून म्हणायचे, "हाय जी."

की निघाले. ना राम राम, ना तब्येतीची चौकशी. बाबा न्हाणीत असले तर काका तसेच एका पायावर थांबत. कधी उशीर न करणारा माणूस त्यापायी ड्यूटीला उशिरा पोचायचा. बाबा शेतीच्या कामाला गावी गेले की आईला विचारायचे, खरंच गावाले गेला ना? आणि परत येईपर्यंत त्यांचं कशात लक्ष नसायचं. सगळा सेक्टर हसायचा. एकदा बाबांना लहर आली. त्यांनी आम्हाला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि हाक आली तरी ओ दिली नाही. "हाय का?" परत एकदा, "हाय का?" मग बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला आणि काका चपला घालून थेट स्वयंपाकघरात घुसले. चुलीपाशी चपला! आईच्या हातून पळी पडली. बाबा पाटावर बसून हसत होते. काकांनी त्यांना बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. टोपीखालचा चेहरा पार उतरलेला. बाबांचं हसू तिथेच थांबलं. काकांनी पाणीही घेतलं नाही. पुढे बरेच दिवस ते बाबांशी एक शब्द बोलले नाहीत, पण सकाळी फाटकाशी थांबून 'हाय का' विचारायचं काही चुकवलं नाही.

बाबा पुष्कळ जगले. गेले तेव्हा माझी मुलं शाळेत जाऊ लागली होती आणि आम्ही बाबांना घेऊन वैशाली नगरला राहायला गेलो होतो. काका निवृत्त होऊन दुर्गला मोहन नगरात एका खोलीत राहत होते. तिथूनही ते जमेल तसे सायकलवर यायचे, तोच एक प्रश्न विचारायचे आणि परत फिरायचे. त्या दिवशी आले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. काकांनी फाटकाशी सायकल थांबवली, पाय टेकवला, आणि आतून उत्तर येणार नाही हे त्यांना कळलं. त्यांनी टोपी काढली. ती कसर लागून जागोजाग टक्कल पडलेली टोपी त्यांनी डोक्यावरून काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि त्यांचे केस पांढरे झालेलेही तेव्हाच दिसले.

ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन मायेचे शब्द बोलेल. ते म्हणाले, "पोरी, मी खोटा पडलो."

बापाला अजून उचलला नव्हता आणि हे स्वतःचं काय घेऊन बसले होते? मी म्हटलं, "काका, तुम्ही जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. आत्ता हे काय?" त्यांनी टोपी काखेत धरली. बाबांना खांदा दिला आणि सायकल हातात धरून पायीच मोहन नगरकडे गेले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. ती टोपी त्यांच्याबरोबर गेली की कोणी फेकून दिली, मला कळलं नाही.

नात परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, तो शेवट एकदा लाव. तिने लावला. राजा बोलला, तो काय बोलला ते आता मला ठाऊक होतं. धुकं आलं, नाव आली. मी चष्मा पुसून बघितलं. नाव जात होती. ती कधीच येत नव्हती, हे कोणालाही दिसेल. डॉक्टरांच्या मते आशा कमी आहे हे ज्या माणसाने माझ्या आईला तोंडावर सांगितलं, त्यानेच त्या शनिवारी भर मैदानात कर्णा हातात धरून मला सांगितलं, की येऊन राहिले. बाबा त्या आठवड्यात गेले असते, तर मी जन्मात कोणावर विश्वास ठेवला नसता, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

खोटं बोलणाऱ्याला सगळं ध्यानात ठेवावं लागतं असं ते म्हणायचे. त्यांनी ठेवलं. मी इतकी वर्षं समजत होते की ते बाबांची चौकशी करायला येतात. पण बाबांना बरं आहे का, दुखतं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. रोज सकाळी ते फाटकाशी एक पाय टेकवायचे, आपण बोललेलं खोटं आजही खरं आहे एवढं ऐकून घ्यायचे, आणि मग ड्यूटीला जायचे.